पांढरी गोळी बंद

मॅडमनी मोबाईल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "ही बाई खाते तरी काय?"

स्क्रीनवर लॅबचा रिपोर्ट होता. द्वारकाबाई, वय एक्केचाळीस, क्रिएटिनिन तीन पॉइंट एक. सोबत मॅडमनी स्वतः मोजलेलं बीपी, एकशे सत्तर आणि एकशे दहा.

मी फार्मासिस्ट. परभणीहून झरीच्या पुढे गेलं की आडरस्त्याला एक गाव लागतं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधांच्या खिडकीमागे मी एकोणीस वर्षं काढली, आणि त्याआधी येलदरीकडच्या एका केंद्रात बारा. नोकरीच्या कागदावर माझं पद 'औषध निर्माण अधिकारी' होतं. एकतीस वर्षांत मी एक साधं चूर्णसुद्धा निर्माण केलं नाही. गाव मला कंपाउंडर म्हणायचं आणि तेच बरोबर होतं. गावाचं नाव इथे लिहीत नाही, माणसांची नावं बदलली आहेत. या प्रकरणात दोष द्यायचाच झाला तर तो माझ्या पदरात टाकता यावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आधी क्रिएटिनिन म्हणजे काय ते सांगतो. आपल्या स्नायूंचा रोजचा कचरा रक्तात उतरतो. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. या कचऱ्याचंच नाव क्रिएटिनिन. धडधाकट माणसात हा आकडा एकच्या आसपास असतो. तीन झाला म्हणजे गाळणी बरीचशी बुजली. किडनीची गंमत अशी की ती बुजताना दुखत नाही. अर्ध्याहून जास्त गेली तरी माणूस शेतात जातो, भाकरी खातो, भांडतो.

मॅडम, म्हणजे केंद्राच्या डॉक्टर, नवीन होत्या. लातूरकडच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, मला काका म्हणायच्या. द्वारकाबाईला शुगर नव्हती, मुतखडा नव्हता, घरात कुणाला किडनीचा आजार नव्हता. त्यामुळे मॅडम बुचकळ्यात पडल्या होत्या. त्यांनी मला विचारलं याला कारण होतं. लोक डॉक्टरला दुखणं सांगतात आणि कंपाउंडरला खरं सांगतात.

द्वारकाबाईला मी खिडकीच्या आत बोलावून स्टुलावर बसवलं. उंच, काटक बाई. गावातल्या खुरपणीच्या एका टोळीची ती म्होरकी. कुणाच्या शेतात कधी जायचं हे ती ठरवायची आणि आठ बायका तिच्या शब्दाबाहेर जात नसत. दवाखान्यात ती आली होती तीसुद्धा आशाताईनं बीपी तपासायला जवळजवळ ओढून आणली म्हणून.

मी एकेक विचारत गेलो. दारू, नाही. तंबाखू, नाही. वैदूची पुडी, भस्म, कुठला काढा, काही नाही. दुसऱ्या डॉक्टरचं औषध?

"म्या औषधच घेत न्हाई साहेब. मला रोगच काय हाय?"

मग मी जुनी युक्ती केली. म्हटलं, सकाळी उठल्यापासून तोंडात जे जे जातं ते सांगत जा. ती बोटांवर मोजत सांगायला लागली. उठलं की राखुंडी, मग चहा, चहासंगं गोळी, मग भाकर...

"थांबा. कुठली गोळी?"

"ती. पांढरी. अंगदुखीची."

"मग ते औषध नव्हे का?"

ती हसली. माझ्या अडाणीपणाला हसावं तशी हसली. "ते काय औषध हाय व्हय? ते तर समदेच खातेत."

ही गोळी ती कधीपासून खात होती? धाकटीचं दूध तोडलं तेव्हापासून. धाकटी आता नववीत होती. रोज एक. कापूस वेचणीच्या दिवसांत दोन, एक चहाबरोबर आणि एक दुपारच्या भाकरीवर. आषाढात पाऊस लागून काम बंद पडलं तर नाही. तेवढीच काय ती सुट्टी.

त्यात मला नवल वाटायला नको होतं, कारण ते रोज माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. स्टँडवरच्या किराणा दुकानात बिस्किटाच्या बरणीशेजारी गोळ्यांची बरणी असायची. स्ट्रिप कात्रीनं कापून एकेक गोळी सुटी केलेली. हमाली करणारे घ्यायचे, ऊसतोडीला जाणारे कारखान्यावर निघताना पाकिटंच्या पाकिटं बांधून न्यायचे, शाळेतले एक गुरुजी गुडघ्यासाठी घ्यायचे. चहा, साखर, गोळी. घरोघर सामानाच्या यादीत ती असायची.

या गोळीनं किडनी का जाते तेही सांगतो. दुखणं दाबणारी गोळी किडनीकडे जाणारं रक्त थोडं कमी करते. दोन-चार दिवस घेतली तर तरुण, धडधाकट माणसाचं बहुधा काही बिघडत नाही, किडनी सावरते. रोज घेतली, उन्हात घाम गाळत घेतली आणि वर पाणी पिलं नाही, तर ती सावरायची कधी? द्वारकाबाई शेतात पाणी पीत नव्हती. टोळीतली कुठलीच बाई पीत नव्हती. पाणी पिलं की जावं लागतं, आणि उघड्या रानात जायला आडोसा नसतो. सकाळी सातला घर सोडलेली बाई संध्याकाळी घरी येऊनच ते उरकायची. हे मी अनेक वर्षं ऐकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा तीन पॉइंट एकच्या शेजारी ठेवून पाहिलं.

तिनं अजून एक सांगितलं. खुरपणीला प्रत्येकीनं एक पात धरायची असते, म्हणजे पिकाची एक पट्टी. नवाच्या नवाही जणींनी एका रेषेत पुढे सरकायचं. एक मागे पडली की सगळ्या खोळंबतात. म्हणून कामाला निघताना द्वारकाबाई कमरेच्या पिशवीतून गोळ्या काढून स्वतःच्या हातानं सगळ्यांना वाटायची. म्होरकीचं कामच होतं ते.

मॅडमनी तिला नीट समजावलं. किडनी किती गेली, किती राहिली. बीपीची गोळी सुरू केली, कारण बीपी चढलेलं राहिलं तर उरलेली किडनीही जाते. तिला बाहेर बसवून मॅडम मला म्हणाल्या, "काका, तिला दुखण्याच्या गोळ्यांची नावं लिहून द्या. बीपीच्या गोळीची स्ट्रिप तिच्या मुलीला दाखवा. मुलगी शाळेत जाते ना, ती वाचेल."

मी म्हणालो, "मॅडम, नावं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. कोण वाचतंय? आमच्याकडे रंगच चालतो."

"रंग बदलतो, काका."

"बदलला की बघू."

हे मी ज्या तोऱ्यात म्हणालो तो मला अजून आठवतो. खिडकीची भाषाच ती होती. सकाळी लाल, रात्री पिवळी, अर्धी निळी दूध पिल्यावर. एका माणसाला मी सरासरी अर्धा मिनिट देत असेन आणि त्या अर्ध्या मिनिटात रंगाइतकं झटपट दुसरं काही पोचत नाही. लोकांना त्यांच्या भाषेत समजावतो, असा माझा लौकिक होता. दोन साहेबांनी भाषणात तसं बोलूनही दाखवलं होतं. पाच-सहा वर्षं शिकून आलेल्या पोरीनं मला काय शिकवावं, असंही मनात आलं असेल. आलंच होतं.

मी द्वारकाबाईला पुन्हा आत बोलावलं. बीपीच्या फिकट पिवळ्या गोळ्या तिच्या हातात ठेवल्या. म्हटलं, ही पिवळी रोज सकाळी एक. आणि ती पांढरी बंद. जन्मभर बंद. कुणी दिली तरी घ्यायची नाही, मेलं तरी पांढरी तोंडात घालायची नाही. तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

"पांढरी बंद," ती म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज गंभीर झाला होता. मला बरं वाटलं.

तिथून मी स्टँडवर गेलो. दुकानदार गंगाधर माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. वाईट माणूस मुळीच नाही. त्याची म्हातारी आईही तीच गोळी खायची. मी त्याला सांगितलं की तुझ्याकडे लायसन नाही, हे बेकायदेशीर आहे, आणि मुख्य म्हणजे यानं माणसं मरतात. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला की मी ठेवल्या नाहीत तर फाट्यावरच्या हॉटेलात मिळतात, तिथं नाही मिळाल्या तर लोक परभणीहून आणतात. त्याचं काही खोटं नव्हतं. मी एक तक्रारीचा अर्जही टाकून पाहिला. कुणीतरी येऊन गेलं, बरणी चार दिवस दिसली नाही, पाचव्या दिवशी जागेवर आली.

शेवटी मी हात टेकले. म्हटलं, गावाचं जाऊ दे, निदान द्वारकाबाईला ती पांढरी गोळी देऊ नको. त्यानं लेकराची शपथ घेऊन शब्द दिला. आणि हे मुद्दाम लिहितो, त्यानं तो शब्द पाळला.

मग एक दिवस दुपारच्या सुट्टीत मी टोळीकडे शेतात गेलो. लिंबाखाली नऊ जणी भाकऱ्या सोडून बसल्या होत्या. मी किडनीवर भाषण केलं. हातात गाळणी घेऊन गेलो होतो, चहाची. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या. त्यांतली एक पिकल्या केसांची बाई मला म्हणाली, "साहेब, समदं खरं हाय. एक पात तुमी धरून बघा."

मी धरली. सगळ्या जणी माझी मजा बघत होत्या. दहा-बारा पावलं गेलो असेन. उठताना कमरेतून कळ आली ती डोक्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पलंगावरून उठवेना. कपाटातून एक गोळी काढली आणि चहाबरोबर घेतली. पांढरीच होती. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

द्वारकाबाईनं मात्र सोडली. महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं तर क्रिएटिनिन दोन पॉइंट सहा. बीपी उतरलेलं. शेतात जाताना ती पाण्याची बाटली नेत होती आणि आडोशाला जुनं लुगडं चार काठ्यांना बांधून घेत होती. नवऱ्याला, मारोतीला, तिनं काठ्या रोवायला लावल्या होत्या. मॅडम मला म्हणाल्या, "काका, जमलं तुम्हाला." त्या दिवशी घरी जाताना मी पेढे घेऊन गेलो, कारण काय ते बायकोला सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी औषधांचा नवा स्टॉक आला. सरकारी औषधं जिल्ह्याच्या स्टोअरमधून येतात. आम्ही मागणी लिहून पाठवायची, त्याला इंडेंट म्हणतात. येताना औषध तेच येतं, कंपनी कोणती येईल ते सांगता येत नाही. कंपनी बदलली की डबा बदलतो, स्ट्रिप बदलते, गोळीचा रंगही बदलतो. या वेळी बीपीची गोळी पांढरी आली.

सोमवार होता, बाजाराचा दिवस. रांग दारापर्यंत गेलेली. द्वारकाबाईचा नंबर आला. कापूस फुटायला लागला होता. म्हटलं, वेचणीच्या दिवसांत हिचा रोज बुडायला नको, गोळ्यांसाठी दर महिन्याला खेटे नकोत. म्हणून मी तिला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या. उपकार केल्यासारखं वाटलं मला.

"रोज सकाळी एक. पहिल्यासारखंच," मी म्हणालो.

तिनं स्ट्रिपा हातात घेतल्या, पाहिल्या, उलट्या करून पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. ती काहीतरी विचारणार होती. मागून बायका ढकलत होत्या, एक लेकरू किंचाळत होतं, आणि माझं डोकं रजिस्टरात होतं.

"चला, पुढं," मी म्हणालो.

ती बाजूला झाली.

तीन महिन्यांत ती आली नाही. येईल कशी, गोळ्या तर मीच दिल्या होत्या. वेचणी संपत आली तेव्हा एका सकाळी मारोती तिला रिक्षातून घेऊन आला. मी खिडकीतून पाहिलं तर ओळखली नाही. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, दोन पावलांवर दम लागत होता. मॅडमनी बीपी घेतलं. दोनशे वीस आणि एकशे तीस. त्यांनी मला आत बोलावलं.

"बीपीची गोळी घेत होता ना?" मॅडमनी तिला विचारलं.

द्वारकाबाईनं मारोतीकडे हात केला. त्यानं पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. मॅडमनी झाकण उघडलं. आत मी दिलेल्या सगळ्या स्ट्रिपा होत्या. एकही गोळी काढलेली नव्हती.

"पांढरी बंद म्हणले होते साहेब," ती दम घेत घेत म्हणाली. "म्या एकबी खाल्ली न्हाई. गर्दीत चुकून दिल्या असतील म्हणून ठिवल्या. सरकारी वस्तू हाय, वापस द्यावं म्हणलं."

मी विचारलं, पण उत्तर ऐकायची भीती वाटत होती. "आणि वेचणीत अंग दुखायचं, त्याला काय घेतलं?"

"गुलाबी. गंगाधर म्हणला, ही पांढरी न्हाई, ही चालती."

गुलाबी म्हणजे दुसऱ्या कंपनीची तीच दुखण्याची गोळी. गंगाधरनं शपथ पाळली होती. द्वारकाबाईनं माझा शब्द पाळला होता. बरं करणारी गोळी तिनं माझ्या सांगण्यावरून डब्यात जपून ठेवली आणि मारणारी माझ्या सांगण्याबाहेर पडली म्हणून खाल्ली. मला तिथून पळून जावंसं वाटलं, हे खरं आहे.

क्रिएटिनिन नऊच्या वर निघालं. परभणीला नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता डायलिसिस. म्हणजे हातातल्या नळीतून रक्त बाहेर काढायचं, मशीननं गाळायचं, पुन्हा आत सोडायचं. चार तास लागतात. आठवड्यातून दोनदा, आणि ते कायमचं. पहिल्या वेळी मी सोबत गेलो. मॅडमनी जा म्हटलं नव्हतं. मी रजा टाकली.

मशीन सुरू झालं तसं मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो. तिला सांगून टाकलं. चूक माझी झाली. गोळीचा रंग बदलला होता आणि मी तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही विचारणार होतात आणि मी पुढं म्हणालो. वाक्यं मी बसमध्ये जुळवून ठेवली होती, तरी नीट आली नाहीत.

तिनं ऐकून घेतलं. पण तिच्या मनात भलतंच चाललं होतं.

"साहेब, म्या आठ जणींला माझ्या हातानं दिल्या. इतके वरीस. त्यांच्याबी किडन्या गेल्या असतील का?"

परत आल्यावर मॅडमनी आठही जणींना रक्त तपासायला बोलावलं. पाच आल्या. दोघींचे आकडे चढलेले निघाले. दोघीही धडधाकट दिसत होत्या, दोघींनाही काही दुखत नव्हतं, आणि त्यांतल्या एकीनं रिपोर्ट हातात घेतला नाही. म्हणाली की द्वारका तपासायला गेली म्हणून तिला आजार निघाला, गेली नसती तर निघाला नसता.

मी कामाची पद्धत बदलली. प्रत्येक स्ट्रिपवर मार्करनं मोठ्या अक्षरात बीपी, शुगर, रक्तवाढ असं लिहायला लागलो. रंग बोलायचं बंद केलं. स्टॉक बदलला की जुनी आणि नवी गोळी शेजारी ठेवून दाखवायचो. रांग दारातून रस्त्यापर्यंत जायला लागली, लोक शिव्या द्यायला लागले. मॅडम कधी "मी सांगितलं होतं" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पण गावानं या सगळ्यातून आपला धडा घेतला होता आणि तो माझ्यापर्यंत उशिरा पोचला. एका सकाळी मी गंगाधरच्या दुकानात साखर घ्यायला गेलो. काउंटरवर दोन बरण्या होत्या. पांढऱ्यांची जवळजवळ भरलेली, गुलाबींची तळाला गेलेली. टोळीतली ती पिकल्या केसांची बाई गुलाबी गोळ्या मोजून पदरात बांधत होती. मी विचारलं तर ती मलाच समजावायला लागली.

"पांढरीनं द्वारकाच्या किडन्या गेल्या बघा. तवापासून गावात पांढरी कुनी घेत न्हाई. आमी आता गुलाबीच घ्यायलोत."

त्याच महिन्यात बीपीचे चार-पाच जुने पेशंट आमच्या पांढऱ्या गोळ्या खिडकीवर परत ठेवून गेले. मार्करनं लिहिलेल्या अक्षरांसकट. नको साहेब, म्हणाले, पांढऱ्या हायत. मी घरोघर गेलो, मॅडम गेल्या, आशाताई गेली. ग्रामसभेत मी माईकवरून बोललो की रंगाचा काही संबंध नाही, चूक माझी होती, दुखण्याची कुठलीही गोळी रोज खाऊ नका. लोकांनी शांतपणे ऐकलं. सभा संपल्यावर सरपंच कंबर धरून उठले आणि मला म्हणाले की साहेब, तुमच्याकडे एखादी चांगली गोळी आहे का, दवाखान्यातली. त्यांची चेष्टा नव्हती. त्यांना खरंच हवी होती.

वाचणाऱ्याला वाटेल, मग करायचं काय? मलाही वाटायचं. शेतात आडोसा नाही, तर पाणी नाही. पात सुटली तर रोज नाही. गोळी घेतली नाही तर पात धरवत नाही. यातलं काहीही माझ्या खिडकीतून बदलण्यासारखं नव्हतं. मी फक्त "बंद करा" म्हणू शकत होतो, आणि तेही मला धड म्हणता आलं नव्हतं.

द्वारकाबाई सहा महिने परभणीला जात राहिली. मंगळवार आणि शुक्रवार. सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळी परत. टोळी तिनं दुसरीच्या हवाली केली. जेवणात मीठ नाही, पाणीही आता मोजून, कारण लघवी जवळजवळ होतच नव्हती. जन्मभर तहान मारून काम केलं आणि शेवटी डॉक्टरांनीच पाणी मोजून दिलं. तरी हे पथ्यही तिनं काटेकोर पाळलं. धाकटी तिच्यासाठी पेल्यावर खूण करून ठेवायची.

पुढे एकदा धाकटीला ताप आला. ताप उतरेना म्हणून द्वारकाबाई तिच्या उशाशी बसून राहिली आणि मंगळवार चुकला. शुक्रवारी जाऊ म्हणाली. गुरुवारी दुपारी तिला दम लागला. रिक्षा झरीपर्यंत पोचली होती, तेवढ्यात ती गेली.

चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. ओट्यावर मारोती बसला होता, भिंतीला टेकून. आत बायका होत्या. मी त्याच्या शेजारी बसलो. काय बोलावं हे कुणी शिकवलेलं नसतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. तो मला शिव्या देईल, असं मला वाटत होतं. द्याव्यात असंही वाटत होतं. गोळ्यांचा तो डबा त्यानंच तर टेबलावर ठेवला होता, त्याला सगळं माहीत होतं.

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला धीर द्यावा म्हणून तो म्हणाला, "साहेब, तुमी मनाला लावून घेऊ नका. तिनं तुमचा शबूद मोडला न्हाई. शेवटपर्यंत तुमी सांगितलं तसंच केलं."

मी उठलो, हात जोडले आणि दवाखान्यात आलो. ओपीडी सुरू होती. त्यानंतर दोन वर्षं मी नोकरी केली आणि निवृत्त झालो.

आपली माणसं सांगितलेलं ऐकत नाहीत, ही तक्रार मी एकतीस वर्षं केली. साहेबांपुढे केली, घरी केली, निरोपाच्या भाषणातही सवयीनं तेच तोंडात आलं होतं. ते वाक्य मी तिथेच गिळलं. अक्षर न् अक्षर ऐकणारी एक बाई मला मिळाली होती.